बाकावरची गर्दी

सापळेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते विद्यार्थ्यांनी ठेवलेलं, आणि उगाच ठेवलेलं नव्हे. बाई समाजकार्याच्या कॉलेजात प्राध्यापक, आणि त्यांचा जन्मभराचा अभ्यास वयात येणाऱ्या मुलामुलींच्या मनाचा. म्हणजे ज्या वयात आईनं "काय झालं गं?" विचारलं की "काही नाही" असं उत्तर येतं आणि पाठोपाठ दार आपटतं, त्या वयाचा. असल्या कार्ट्यांना कागदावर प्रश्न विचारून खरं उत्तर मिळवायचं म्हणजे वाळू रगडून तेल काढण्यातला प्रकार. बाईंनी त्यावर तोड काढली. झोप लागते का, जेवण जातं का, रडू येतं का, असल्या प्रश्नांच्या मधेच त्या एक साळसूद वाक्य पेरून ठेवायच्या: "मी आजवर एकदाही खोटं बोललेलो नाही." त्यापुढे जो पठ्ठ्या "बरोबर" अशी खूण करील, तो लबाड! त्याची बाकीची सगळी उत्तरं केराच्या टोपलीत. हा सापळा इतका गाजला की बाईंना लांबलांबच्या सेमिनारांतून बोलावणी येऊ लागली, आणि कॉलेजात नाव पडलं ते पडलंच.

संशय त्यांच्या रक्तातच होता म्हणा ना. वडील वजनमापं तपासणारे सरकारी इन्स्पेक्टर. दिवसभर दुकानदारांचे काटे तपासायचे आणि घरी आल्यावर बायकोनं आणलेली साखर पुन्हा तोलायचे. अशा घरात वाढलेली मुलगी फुलाचा वास घेतानाही आधी ते कागदाचं नाही ना, हे बघणारच.

त्यांचे यजमान दातांचे डॉक्टर, स्वभावानं अगदी उलट. ते म्हणायचे, "अगं, माझ्याकडे येणारा प्रत्येक जण सांगतो, रोज दोनदा घासतो म्हणून. मी कधी कुणाला खोटारडा म्हटलंय?"

"मग काय करता हो?"

"तोंड उघडा म्हणतो."

बाई हे हसण्यावारी न्यायच्या. दात उघडे पाडता येतात, मन कुठं उघडं पडतं! त्यासाठी सापळाच लागतो, असं त्यांचं पक्कं मत होतं.

निवृत्ती जवळ आली तशी बाईंनी आपलं शेवटचं मोठं काम हाती घेतलं. एका शाळेत, व्हरांड्याच्या टोकाला, प्रयोगशाळेच्या शेजारची अडगळीची खोली त्यांनी मागून घेतली. भिंतींना रंग दिला, दोन खुर्च्या टाकल्या, खिडकीला पडदा लावला, आणि दाराबाहेर एक लांब लाकडी बाक. मधल्या सुट्टीत ज्याला मनातलं बोलावंसं वाटेल त्यानं यावं, बाकावर बसावं, नंबर आला की आत जावं. आत बसायला समुपदेशक म्हणून बाईंनी आपलीच एक जुनी विद्यार्थिनी नेमली. जाड भिंगांच्या चष्म्यामुळे तिला सगळे ढापणी म्हणत, आणि ती स्वतःही फोनवर "मी ढापणी बोलतेय" असंच सांगायची. खोलीचा नियम एकच, आणि तो बाईंनीच वर्गात घोकून घेतलेला: आतलं बोलणं आतच राहील. जिवाचा धोका असेल तरच तोंड उघडायचं. एरवी आईबापांनी विचारलं, शिक्षकांनी विचारलं, अगदी खुद्द बाईंनी विचारलं, तरी कोण आलं आणि काय बोललं, याची ताकास तूर लागू द्यायची नाही.

आणि बाकावर गर्दी झाली! पहिले काही दिवस तिकडं कुणी फिरकलं नव्हतं, मग एकाएकी बाक भरून वाहू लागला. दुसरं कुणी असतं तर आनंदानं नाचलं असतं. सापळेबाईंच्या कपाळाला आठी पडली.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, म्हणजे नंतर लपवलं म्हणून बोल नको. त्या गर्दीत एक मुलगी अशी होती की तिला त्या खोलीचा खरोखरच आधार होता. तिच्या घरात काय चाललं होतं ते इथं सांगायचं कारण नाही. इतकंच की, सकाळी अंथरुणातून उठायचं कशासाठी, असा प्रश्न तिला रोज पडायचा, आणि मधल्या सुट्टीत ढापणीसमोर बसायला मिळेल एवढ्यासाठी ती उठायची. ती येत राहिली तर बरी होणार होती. येणं तुटलं तर तिचं काय होणार होतं, देव जाणे. सापळेबाईंना यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

त्यांना एवढंच दिसत होतं की, बाकावर बसलेली मुलं हसताहेत. एकमेकांना कोपरानं ढोसताहेत. मनानं खचलेलं मूल असं खिदळतं होय? बाई व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, सूचनाफलकाआड उभ्या राहून सगळं न्याहाळायच्या. आज कोण आलं, काल कोण होतं, कोण कुणाला डोळा मारतं. चारचौघांत मुलीची सोयरीक बघायला आलेली आत्याबाईसुद्धा इतकं निरखत नाही. आणि हळूहळू त्यांची खात्री पटली की इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

सगळ्या टोळीची म्होरकी होती भोंगा. ती नववीतली. तिची कुजबुजसुद्धा स्टाफरूमपर्यंत ऐकू जायची, म्हणून हे नाव. बाईंनी तिला बाकावरच गाठलं.

"काय गं, तुला काय होतंय?"

भोंग्यानं दीर्घ उसासा टाकला. "मॅडम, मला वैराग्य आलंय."

"कधीपासून?"

"दुसऱ्या तासापासून. भूमिती होती."

बाक फिसकन हसला. शेजारची म्हणाली, तिचा कुत्रा तिच्याशी अबोला धरून आहे. तिसऱ्या मुलाला म्हणे आपल्या उंचीचं दुःख होतं, आणि तो चांगला ताडमाड. चौथी काहीच बोलली नाही, नुसती खाली मान घालून नखं बघत बसली; बाईंनी मनात म्हटलं, ही तर धड थापसुद्धा तयार करून आलेली नाही. एकजात सगळी सोंगं! सुट्टीनंतरच्या तासाला उशिरा जाता येतं, पडद्याआड पंख्याखाली बसायला मिळतं, मग काय, आयतीच सोय!

पण खरा संशय पुढंच होता. मुलं सोंगं करतात हे बाईंना व्हरांड्यातून कळतं, मग रोज समोर बसणाऱ्या ढापणीला कळत नसेल? कळत असूनही ती गप्प का? आकडे फुगवून दाखवायला? खोली चालली तरच तिची नोकरी चालणार, हे काय बाईंना दिसत नव्हतं! सुट्टी संपल्यावर त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

"बाहेर बसतात त्यातली खरी किती आणि खोटी किती?"

ढापणीनं चष्मा काढून पुसला. "ते मी नाही सांगू शकत, मॅडम. तुम्हीच शिकवलंय."

"नावं विचारत नाहीये मी. पण ही सगळी नाटकं आहेत हे तुला दिसतंय की नाही?"

ती बराच वेळ पुसलेलाच चष्मा पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, गर्दी राहू द्या."

झालं! बाईंच्या मनानं घेतलं. खाई त्याला खवखवे. काही नसतं तर पोरगी सरळ नजरेला नजर देऊन बोलली नसती का? घरी जाताना त्या चरफडत होत्या. आपल्या हाताखाली शिकलेली, आपण बोट धरून उभी केलेली, आणि आपल्याच डोळ्यांत धूळ फेकते! यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "तिला 'राहू द्या' म्हणायचं होतं म्हणून ती म्हणाली. 'का' ते विचारलंस का?" बाई म्हणाल्या, "तुम्ही दातच बघा."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुख्याध्यापिकेला गाठलं. ती खोली मुख्याध्यापिकेच्या डोळ्यांत पहिल्यापासून सलत होती. त्यांना तिथं शिवणकामाची यंत्रं ठेवायची होती. दोघींनी मिळून नियम काढला. यापुढे खोलीत जायचं तर वर्गशिक्षकांची चिठ्ठी पाहिजे. वर्गशिक्षक आधी चौकशी करतील, खरं वाटलं तरच चिठ्ठी देतील. सोंगाढोंगांना आळा! नियम प्रार्थनेच्या वेळी माइकवरून वाचून दाखवला, वर "ज्यांना खरोखर त्रास आहे त्यांनीच यावं" असं सापळेबाईंनी स्वतः बजावलं. मुलांच्या रांगांतून एक खसखस पिकली आणि लगेच दबली.

मधल्या सुट्टीत बाक रिकामा. भोंगा नाही, कुत्रेवाली नाही, ताडमाड नाही. बाईंनी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. चोर पकडले की नाही! आता जी मुलं येतील ती खरी.

त्या वाट बघत राहिल्या. दुसरा दिवस, तिसरा दिवस. कुणी येईना. शिपाई बाकावर बसून डबा खाऊ लागला. ढापणी आत एकटीच, दाराकडे डोळे लावून. बाईंना पहिल्यांदा वाटलं, बरं झालं, सगळाच बनाव होता तर. पण वाटलं आणि टिकलं नाही. एवढ्या मोठ्या शाळेत एकही मूल खरं नाही? जन्मभर त्या शिकवत आल्या होत्या की वर्गात कुणी ना कुणी आतून पोखरलेलं असतंच. ते मूल कुठं गेलं? आता संशयानं तोंड फिरवलं आणि त्यांच्याकडेच बघायला लागला. असं त्यांच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. त्यांना घास गोड लागेना.

त्या आठवड्यात दुपारी ढापणी कॉलेजात आली. बाईंच्या खोलीत उभीच राहिली. बस म्हटलं तरी बसेना. रडून आल्यासारखे डोळे, आणि आवाजात मात्र राग.

"नियम सांभाळून जेवढं सांगता येईल तेवढंच सांगते, मॅडम. एक मूल आहे. मुलगा की मुलगी, कितवीतलं, विचारायचं नाही. ते रोज येत होतं. बाकीच्यांतली काही हळूहळू बोलू लागली होती, पण त्यांचं सोडा. ते एक येत होतं म्हणून उभं होतं. आता येत नाही."

"मग त्याला चिठ्ठी..."

"चिठ्ठी मागायची म्हणजे वर्गासमोर उभं राहून काय होतंय ते सांगायचं! आणि सांगितलंच, चिठ्ठी मिळालीच, तर त्या लांबलचक रिकाम्या बाकावर एकट्यानं बसायचं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघायचं. कोण बसेल हो? तुम्ही बसला असतात त्या वयात?"

बाईंनी विचारलं, "जिवाला धोका?"

"तसं असतं तर मी नियम मोडला असता, घरी जाऊन दार ठोठावलं असतं. तिथवर नाहीये. तिथवर जाऊ नये म्हणूनच तर ते येत होतं. व्हरांड्यात मी समोरून आले की वाट बदलतं. हाक मारली तर दहा जण बघणार. मी काय करू, सांगा ना! तुम्हाला म्हटलं होतं मी, गर्दी राहू द्या म्हणून. म्हटलं होतं!"

आणि ढापणी तरातरा निघून गेली. आपल्या प्राध्यापकासमोर इतक्या चढ्या आवाजात ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली असेल. सापळेबाई खुर्चीत बसून राहिल्या. तासाला मुलं येऊन बसली, वाट बघून निघून गेली, बाई काही वर्गात गेल्या नाहीत.

खोटं गाळून खरं वेगळं काढायचं, हेच तर त्यांनी आयुष्यभर केलं होतं. कागदावर ते चालतं. कागदाला लाज नसते. इथं त्यांनी कोंडा पाखडून टाकला आणि एकुलता एक दाणा उघड्या सुपात सगळ्यांच्या नजरेला ठेवला. दाणा बिचारा पळून गेला, दुसरं काय करील?

त्या संध्याकाळी बाई मुख्याध्यापिकेकडे गेल्या. चिठ्ठीचा नियम रद्द करा म्हणाल्या. "अहो, तुमचाच नियम!" "माझाच. चुकला." हे दोन शब्द म्हणताना त्यांना किती जड गेलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मुख्याध्यापिका हो-नाही करत शेवटी कबूल झाल्या, पण म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत कुणी आलं नाही तर शिवणयंत्रं येणार.

नियम उठला तरी बाक रिकामाच. बाईंनी भोंग्याला नळाजवळ गाठलं. ती बाटली भरत होती.

"तुम्ही सगळे पुन्हा या ना खोलीकडे," बाई म्हणाल्या.

"कशाला? आम्ही सोंगं ना? माइकवर सांगितलंत की." या वेळी तिचा आवाज अजिबात मोठा नव्हता.

"तुम्ही का येत होता, मला कळलंय."

भोंग्यानं नळ बंद केला आणि बाईंकडे असं काही बघितलं की बाईंना आपलीच नजर आरशात बघितल्यासारखं वाटलं. "काय कळलंय? कुणी सांगितलं? ढापणी मॅडमनी नाव सांगितलं?"

"नाही. नाही सांगितलं. मी विचारणारही नाही."

भोंगा थोडी निवळली, पण थोडीच. "पहिल्यांदा एक जण एकटंच गेलं होतं. बाहेर आलं तर मुलं 'वेडी-बिडी' म्हणायला लागली, म्हणजे, काहीतरी म्हणायला लागली." तिनं जीभ चावली. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "तर मग आम्ही ठरवलं, म्हणा ना काय म्हणायचं ते! आम्ही सगळेच जातो. कुणाकुणाला म्हणाल? पण आता नाही उपयोग, मॅडम. तुम्ही सगळ्या शाळेला सांगितलंत आम्ही खोटे म्हणून. आता आम्ही बसलो तरी सगळे विचारणार, मग खरं कोण? शोधायलाच लागतील."

बरोबर होतं तिचं. एकदा उघडं पडलेलं सोंग पुन्हा घेता येत नाही. आता बाकावर खरंच कुणीतरी बसायला हवं होतं, आणि ते असं की त्याच्याकडे बघून बाकी कुणाकडे कुणाचं लक्ष जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि सापळेबाई, प्राध्यापक, केस पिकलेल्या, हातात पर्स घेतलेल्या, सरळ व्हरांड्यातून चालत जाऊन बाकावर बसल्या. मधोमध. शाळा थबकली. मुलं खिडक्यांतून डोकावली. स्टाफरूमच्या दारात शिक्षकांची झुंबड. "सापळेबाईंना काय झालं?" "वेड लागलं वाटतं." बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दार उघडून ढापणी बाहेर आली आणि बघतच राहिली.

"माझा नंबर आहे ना?" बाई म्हणाल्या.

आत गेल्यावर पाच मिनिटं बसून उठावं, असा त्यांचा बेत होता. दाखवण्यापुरतं. ढापणीनं खुर्ची पुढं ओढली, आणि कुणालाही विचारते तसं विचारलं, "बोला, काय होतंय?" आणि काय सांगावं! त्या बाईला रडू फुटलं. पंधरा वर्षांची असताना वर्षभर तिला अंथरुणातून उठवत नव्हतं आणि वडील रोज दारात उभे राहून "नाटकं पुरे" म्हणायचे, हे तिनं आजवर दातांच्या डॉक्टरलाही सांगितलेलं नव्हतं. घंटा कधी झाली कळलं नाही. बाहेर पडताना नाक लाल, डोळे सुजलेले, आणि समोर अख्खा व्हरांडा.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. आता लाजण्यासारखं काही उरलंच नव्हतं. चार दिवसांनी चित्रकलेचे सर येऊन शेजारी टेकले, "सहज हो, पाय दुखत होते" असं आपणहून सांगत. मग भोंगा आली.

"मॅडम, तुमचं खरं आहे की आमच्यासारखं?"

"खरं आहे."

भोंग्यानं त्यांच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. "सरका जरा," ती म्हणाली, आणि मागं वळून तिनं अशी हाळी दिली की वरच्या मजल्यावरून मुलं खाली आली. बघता बघता बाक भरला, जागा उरली नाही म्हणून काही जण भिंतीला टेकून बसले. कुत्रेवाली आली, ताडमाड आला, कधी न दिसलेली दोन-तीन मुलं आली. बाई मधे अंग चोरून बसलेल्या. शेजारी कोण आहे, ते त्यांनी मान वळवून पाहिलं नाही.

असेच दिवस गेले. एकदा सुट्टी संपत आलेली, बाक रिकामा होत होता, आणि ढापणी खोलीला कुलूप लावून सूचनाफलकापाशी उभ्या असलेल्या बाईंजवळ आली. चष्म्याआडचे डोळे ओले होते, पण या वेळी निराळेच.

"मॅडम, उद्यापासून तुम्ही नाही आलात तरी चालेल."

बाईंना कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी हळूच विचारलं, "आलं?"

"परवाच आलं. काल पुन्हा. आज हसलं थोडं."

त्या वेळी नेमकी घंटा झाली आणि सगळे वर्ग डबे ठेवून पीटीला निघाले. व्हरांडा पोरांनी भरून गेला. बाईंच्या ओठांवर "कोण गं?" येऊन थांबलं. विचारायचीही गरज नव्हती. त्यांचा धंदाच तो. नुसतं त्या घोळक्यावर एकदा नजर फिरवली असती तर चालण्यावरून, खांद्यांवरून, ढापणीकडे बघून लगेच फिरवलेल्या डोळ्यांवरून त्यांनी ते मूल अचूक ओळखलं असतं.

सापळेबाईंनी घाईघाईनं तोंड फलकाकडे वळवलं आणि परीक्षेचं वेळापत्रक वाचायला लागल्या. मागून पावलं, हसणं, ढकलाढकली, भोंग्याचा आवाज, सगळं गेलं. कुणीतरी त्यांना ओझरता धक्का देऊन "सॉरी मॅडम" म्हणालं, बारीक आवाजात. "असू दे हं," त्या फलकाकडे बघतच म्हणाल्या, आणि शेवटचं मूल जिना उतरून जाईपर्यंत मागं वळल्या नाहीत.